राखेवरचा माग

आमच्या घरात ज्वारीचा पैसा वडलांचा, दुधाचा आजीचा आणि कोंबड्यांचा आईचा. अंडी विकून चार पैसे यायचे, त्यातूनच आमच्या वह्या निघायच्या आणि बहिणीच्या रिबिनी. त्यामुळं एक तलंग गेली तरी आईचा जीव खालीवर व्हायचा. कोंबड्या दिवसभर मोकळ्या. उकिरड्यावर, परड्यात, बांधावर. दिवस मावळला की खुराड्यात.

मोकळ्या कोंबडीला वैरी फार. पण प्रत्येकाची रीत वेगळी, आणि ती आईला पाठ होती. भरदिवसा पिलू गेलं, मागं काहीच उरलं नाही आणि बाकीची जाळीत चिडीचूप बसलीत, तर घार. खुडूक कोंबडीखालची अंडी टरफलासकट गायब, तर साप. टरफलं फुटून पडलेली, तर मुंगूस. तेही दिवसाच येणार. मेलेलं पिलू बिळाच्या तोंडाशी अडकलेलं, तर घूस. चार-पाच कोंबड्या नुसत्या फाडून टाकलेल्या, खाल्लेलं काहीच नाही, तर कुत्रं. "कुत्र्याला पोटापरीस खेळ मोठा," असं ती म्हणायची.

१९८४ च्या हिवाळ्यात आठ दिवसांत आमच्या तीन कोंबड्या गेल्या. दर खेपेला एकच, आणि रात्रीचीच. खुराड्याच्या तोंडाची फरशी जागच्या जागी. वरचं पाचट मात्र उसकटलेलं. पुढं घाणेरीच्या जाळीपाशी पिसांचा ढीग.

ओढ्यापलीकडं एक मजूर खोप घालून राहिला होता. त्याचं काळं कुत्रं लगेच सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. परगावचं माणूस आणि त्याचं कुत्रं, मग निकाल लागायला कितीसा वेळ? चुलत्यानं पिकावर मारायचं औषध भाकरीत कालवलं. त्या खोपीत एक रांगतं पोर होतं. कुत्र्याजवळ लोळायचं, हाताला लागेल ते तोंडात घालायचं.

आई पदर खोचून पुढं झाली. "भाऊजी, दोन राती थांबा. कुत्रं असतं तर येका रातीत खुराडं रिकामं झालं असतं. आन् पाचट उसकून वरनं आत उतरायला त्याला कुठं येतंय?"

"मग काय भूत येतंय का वैनी?"

"भुताला पाय नसत्यात. ह्याला हायती. बघू की."

तिन्हीसांजेला तिनं चुलीतली राख चाळून घेतली आणि खुराड्याभोवती हातभर रुंद पट्टा पसरला. पहिली रात्र कोरी गेली. चुलता कुरकुरला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आईनं मला हलवून उठवलं आणि कंदील हातात दिला.

राखेत दोन माग होते. एक लांबट, पुढं नखांचे टोचे असलेला. तो पट्ट्याची कड तुडवून उकिरड्याकडं वळलेला. कुत्रं आलं होतं, पण आमचं खरकटं चिवडायला. दुसरा माग गोल, नखांची खूण नसलेला, थेट खुराड्याच्या भिंतीपर्यंत गेलेला. "मांजर नखं आत वढून चालतंय," आई हळूच म्हणाली. ठसा घरच्या बोक्यापेक्षा चांगलाच मोठा होता. रानमांजर.

चुलत्यानं वाकून दोन्ही माग बघितले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग भाकर त्या मांजरालाच घालू."

"आन् रानातलं उंदीर कोण खाणार?" आई म्हणाली.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानमांजराला संरक्षण दिलेलं आहे, हे मला पुढं शिकताना कळलं. आईचा हिशेब उंदरांवरच संपला होता. त्याच दिवशी तिनं पाचट काढून खुराड्यावर जुना पत्रा टाकला, वर दगड रचले, फटींत बाभळीचे काटे कोंबले. त्या हिवाळ्यात पुन्हा कोंबडी गेली नाही. भाकर चुलत्यानं लांब बांधाकडेला खड्डा घेऊन पुरली आणि हात दोनदा धुतले.

खोपीतल्या माणसांना यातलं काही कधी कळलं नाही. आईनंच आम्हाला बजावलं होतं, "त्यांच्या कानावर घालू नका. रोज ह्याच वाटेनं त्यांना जायाचं असतंय." पुढं दोन वर्षं ते पोर आमच्या दारावरनं कुत्र्याच्या मागं पळत जायचं, आणि आई त्याला कधी कधी उकडलेलं अंडं द्यायची.