आदिलाबादचा समुद्र

आदिलाबादपासून समुद्र कुठल्याही दिशेने चारशे किलोमीटरच्या पलीकडे. एका अंगाला पैनगंगा, दुसऱ्या अंगाला गोदावरी, मध्ये कापूस आणि सागाचं जंगल. अशा गावात माझा मावसभाऊ खाऱ्या पाण्यातले मासे पाळतो हे कळलं तेव्हा आमच्या घरात हशा पिकला होता. "खायला मिळत नाहीत, म्हणून बघत बसत असेल," इति आई. पण गेल्या हिवाळ्यात तिथं आठवडाभर राहिलो आणि समुद्राबद्दल चार गोष्टी शिकून आलो. आता बोला!

मासे म्हणजे क्लाउनफिश. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. 2003 साली 'फाइंडिंग निमो' आला तेव्हापासून पोरासोरांनाही ठाऊक. जोडी मुंबईहून आणलेली, समुद्र मात्र घरीच केलेला: आर.ओ.च्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मिठाचं मिश्रण. थंडीत हीटर, उन्हाळ्यात टाकीसाठी वेगळा गारवा. पाणी उडून कमी झालं तर वरून गोडंच पाणी घालायचं, कारण मीठ उडत नाही.

मादीने कुंभाराकडच्या एका खापरावर अंडी घातली होती. राखण मात्र बापाची. तो पंखांनी वारा घालावा तसं पाणी हलवतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो. (समुद्रघोड्यात तर नरच पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवतो. आपल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्रघोडे पाळून अभ्यास झालेला आहे.) आधी नारिंगी असलेली अंडी आठवडाभरात चंदेरी झाली, त्यांत डोळे चमकू लागले. पिल्लं बाहेर पडतात ती अंधार झाल्यावर. त्या रात्री दिवे मालवून आम्ही बसलो. थोड्या वेळाने त्याने कोपऱ्यात विजेरी धरली आणि उजेडाकडे तीन-चार मिलिमीटरचे काचेसारखे धागे गोळा झाले. जाळीत ते चिरडतात, म्हणून वाडग्याने पाण्यासकट उचलून दुसऱ्या टाकीत सोडले.

मला वाटलं, झालं काम. तो म्हणाला, "दादा, पिल्लं होणं काही नाही. त्यांना जेवायला काय द्यायचं, तिथं सगळं अडतं."

गप्पीची पिल्लं जन्मतःच भुकटी खातात. ही खात नाहीत. यांना जिवंत, हलणारं आणि तोंडात मावेल असंच भक्ष्य लागतं. म्हणजे रोटिफर, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढे जीव. ते घरी वाढवायचे. त्यांना खायला सूक्ष्म शैवाल, तेही घरीच वाढवायचं. पुढे सहा-सात दिवसांनी आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं. गच्चीलगतच्या खोलीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या रांगेने बुडबुडत होत्या. मासे एका टाकीत, आणि त्यांच्या जेवणाचा कारखाना खोलीभर! पिल्लांच्या टाकीतही थोडं हिरवं पाणी घालतात, त्याने रोटिफर उपाशी राहत नाहीत. पाणी अगदी नितळ ठेवलं आणि त्यात काही सोडलं नाही, तर पिल्लं दोन-तीन दिवसांत उपासमारीने जातात. रोज तळाची घाण नळीने काढायची, थेंबाथेंबाने नवं पाणी द्यायचं. मावशी म्हणते, "माझ्या बाळंतपणातसुद्धा एवढं कोणी जागलं नव्हतं."

याच जिल्ह्यात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसाठी मेश्राम कुळातले गोंड पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. पाणी जिवापाड जपून आणावं लागतं, हे इथल्या मातीला नवं नाही.

मी परतलो. बाराव्या दिवशी त्याचा फोन आला: "पट्टे दिसायला लागले!" दोनेकशे पिल्लांतली तीसेक उरली होती. त्याच्या आवाजातला आनंद खरा होता, आणि उरलेल्यांचं दुःखही.

तेव्हापासून मी मांडवीच्या मुखाशी वेगळ्या नजरेने बघतो. त्या हिरवट-गढूळ पाण्याला आपण घाण म्हणून नाक मुरडतो. समुद्र कसा, तर चित्रातल्यासारखा निळाशार हवा! पण तो गढूळपणा नुसता चिखल नव्हे. त्यात शैवाल आहे, ते खाणारे जीव आहेत, त्यांना खाणारी पिल्लं आहेत. खारफुटीची मुळं, खाजनातलं मानशीतून येणारं-जाणारं पाणी, हे सगळं मिळून आपलं रोटिफरचं कोठार. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात मासळी महागली म्हणून आपण कुरकुरतो. त्या 61 दिवसांत आपण अंड्यांना आणि मोठ्या माशांना सवड देतो, हे चांगलंच. पण पिल्लं जन्मली तरी खाणार काय? खाजन बुजवून बंगले उठले, खारफुटीवर मातीचे ट्रक रिकामे झाले, तर बंदी कितीही कडक पाळा, ताटं वाढायला कुणी नाही.

आदिलाबादला तीस पिल्लांसाठी एक माणूस रात्री जागतो. आपल्याकडे हे काम चिखल फुकट करतो. त्याला ते करू द्यावं, एवढंच.