भरलेला तांब्या

१९८७ साली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तयारी म्हणजे पत्र्याची ट्रंक, दोन धोतरं, चार बंड्या आणि गिरगावातल्या आत्याला टाकलेलं पोस्टकार्ड. गावात कुणी विचारलं तर ‘शेक घ्यायला मुंबईला चाललेत’ एवढंच सांगायचं. शेक म्हणजे रेडिएशन. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. लघवीच्या जागेची गाठ म्हणून भागवलं. अण्णांना स्वतःला किती ठाऊक होतं, हे त्यांना विचारायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.

त्याआधी त्यांचं एक ऑपरेशन झालं होतं. हर्नियाचं, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर ते वृषण काढायचं होतं. प्रोस्टेटची गाठ पुरुषी हार्मोनवर पोसते. चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१मध्येच दाखवलं होतं आणि १९६६मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेलही मिळालं. आज तेच काम तीन महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन करतं. मलाही तोच आजार निघाला आणि ते इंजेक्शन दिलं, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या मुलीसमोर सगळं समजावून सांगितलं. अंगातून वाफा येतील, थकवा येईल, इच्छा कमी होईल. मुलगी वहीत लिहून घेत होती. अण्णांनी एवढं सगळं एकट्यानं, मुकाट्यानं सोसलं, या विचारानं मला तिथंच भरून आलं.

मुंबईत पहिल्या दिवशी अण्णांच्या ओटीपोटावर जांभळ्या औषधानं रेघा मारल्या. त्या पुसू द्यायच्या नाहीत, ही एकच सूचना. महिना-दीड महिना अण्णा ओल्या पंच्यानं अंग पुसून घेत. रोज पहाटे नदीवर अंघोळ करणारा माणूस तो! रेघांचा रंग बंड्यांना लागायचा. आत्या चाळीच्या मोरीत त्या घासघासून धुवायची, पण डाग हटले नाहीत.

मशीन कोबाल्टचं होतं. कोबाल्ट-६०ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून जुन्या मशीनखाली तेवढ्याच शेकाला जास्त वेळ पडून राहावं लागे. बाहेर बाकावर आम्ही नंबराची वाट बघायचो. आत कपडे सैल करायचे, बायाबापड्या ये-जा करणार, तिथं फजिती नको म्हणून अण्णा आत जाण्याआधी न चुकता लघवीला जाऊन येत. मीच त्यांना हाताला धरून नेत असे.

हे मला आत्ता, पुण्याला माझ्या स्वतःच्या तयारीत, पुन्हा आठवलं. तिथली टेक्निशियन मुलगी म्हणाली, “काका, आधी लघवी करून या, मग अर्धा लिटर पाणी प्या आणि पाऊण तास थांबा. मध्ये जायचं नाही.” मी कारण विचारलं, तर तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात आणि शेकाच्या वाटेतून दूर होतात. मागं गुदाशय अगदी चिकटून असतं; त्यात मळ किंवा वायू साठला की प्रोस्टेट काही मिलिमीटर इकडेतिकडे हलतं. चित्र बघताना माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचा हात होता, मी रोज धरून नेलेला. त्यांना पुढं जुलाब लागले, लघवीला आग व्हायची, आत्या ताक आणि पेज भरवायची. त्या वेळच्या डॉक्टरांना मी बोल लावत नाही. एक्स-रेवर प्रोस्टेट दिसतच नाही. हाडांच्या खुणेनं अंदाज बांधून, भोवती ऐसपैस जागा धरूनच शेक द्यावा लागे.

आता प्रोस्टेटमध्ये तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक असे सोन्याचे तीन दाणे बसवलेत. रोज शेक देण्याआधी मशीनच स्कॅन काढून ते दाणे जागेवर आहेत ना हे बघणार. अण्णांच्या वेळी दिवसांची मोजदाद महिना उलटून पुढं जायची. मला वीस शेक, चार आठवडे. सीटी स्कॅनच्या वेळी गुडघ्यांखाली ठोकळा दिला, पाय साच्यात बसवले आणि कातडीवर तीन ठिपके कायमचे टोचले. आता अंघोळ खुशाल करायची. ते ठिपके हिरवट-काळे आहेत, आईच्या कपाळावर होतं तसं गोंदण. सुईची तीच चुणचुण तिनं लहानपणी सोसली असणार.

घरात दोन आठवड्यांपासून कडवे वाल, चवळी, कोबी बंद आहे. बिरड्याशिवाय श्रावण जाणार, याचं मला मनापासून वाईट वाटतंय. रात्री इसबगोल, संध्याकाळी चालणं. शेजारी, भाचे, जुने सहकारी, सगळ्यांना काय झालंय ते नावासकट ठाऊक आहे, आणि कोण कुठल्या दिवशी सोबत येणार याचा कागद मुलीनं फ्रिजवर लावलाय. अण्णांबरोबर फक्त मी होतो, आणि मीही गप्प.

अण्णांचा तांब्या आत्यानं मला दिला होता. काल मुलीनं स्वयंपाकघरातल्या मापानं पाणी ओतून बघितलं. गळ्यापर्यंत बरोबर अर्धा लिटर बसतं. तिनं मोबाइलवर सव्वानऊचा गजर लावला आणि मला विचारलं, “बाबा, यातूनच प्याल ना?”

उद्या सोमवार, पहिला शेक. तांब्या घासून, भरून, पिशवीशेजारी ठेवलाय.