बाईने कितीदा सांगायचं?

पोलीस ठाण्याच्या आवारात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष असतो, तिथे मी समुपदेशक आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत पहिला कक्ष सुरू केला, पुढे तो राज्यात पसरला. खोली पोलिसांची, काम समाजकार्याचं.

सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरचा फोन आला. “मॅडम, पेशंट म्हणतेय मोरीत पाय घसरला. पण दंडावरचे वळ एका दिवसाचे नाहीत. एक ताजा लाल, एक काळानिळा, एक पिवळा पडलेला.” सोबतची नणंद तिला क्षणभर एकटं सोडत नव्हती. सिस्टरने नणंदेला केसपेपरवर शिक्का आणायला खाली पाठवलं, दार लोटलं आणि विचारलं, “घरी कोणी हात उचलतं का?”

ती बोलली. डॉक्टरांनी मग ‘घसरून पडली’ एवढ्यावर भागवलं नाही. ‘नवऱ्याने लाटण्याने मारल्याचे रुग्ण सांगते’ असं लिहिलं, जखमा मोजून नोंदवल्या, एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद, केली. पुढे कोर्टात सगळ्यात भक्कम ठरला तो हाच कागद. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० साली ‘दिलासा’ केंद्र काढलं, ते उगीच नाही. मार खाल्लेली बाई ठाण्याची पायरी चढेलच असं नाही, दवाखान्यात मात्र कधी ना कधी येते.

ती कक्षात आली तेव्हा ठाण्यातल्या हवालदार मॅडमचं म्हणणं, गुन्हा दाखल करून टाकू. वकिलांच्या डोळ्यांपुढे पोटगी. तिच्या वतीने ठरवून टाकायची आम्हा सगळ्यांना फार घाई असते. तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “मला घर सोडायचं नाही. मार थांबला पाहिजे. पोरीची दहावी आहे.”

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात याची सोय आहे. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहण्याचा हक्क तिला आहे. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकारी कक्षातच आल्या. तिने मला सांगितलेलं, तिला विचारूनच, मी त्यांच्यापुढे ठेवलं. घरगुती घटना अहवाल त्यावरूनच भरला, फक्त उरलेल्या रकान्यांपुरते प्रश्न विचारले. याबाबतीत मी हट्टी आहे. प्रत्येक टेबलावर तीच कहाणी पहिल्यापासून सांगायला लावली की बाई थकते, लाजेच्या गोष्टी गाळते, तारखा मागेपुढे होतात. उलटतपासणीत नेमकं तिथेच बोट ठेवतात.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळाले. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नसते. कोर्टात अर्ज केल्यावर पहिली तारीख तीन दिवसांच्या आत पडावी असं कायदा म्हणतो. आमची त्याहून लांबली, पण अंतरिम संरक्षण आदेश निघाला. तो घेऊन हवालदार मॅडम स्वतः घरी गेल्या. नवरा आणि सासू दोघांना समोर बसवून ओळ न् ओळ वाचून दाखवली, आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते हेही ऐकवलं. पुढे गस्तीवर असल्या की त्या गल्लीतून मुद्दाम चक्कर मारायच्या. गुन्हाच नोंदवा म्हणणाऱ्या त्याच होत्या, म्हणून मला त्यांचं जास्त कौतुक.

हे सगळं जमलं ते एकमेकांचे फोन उचलणाऱ्या माणसांमुळे, आणि माणसांच्या बदल्या होतात. त्या सिस्टर आता दुसऱ्या तालुक्यात गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या सिस्टरना भेटायला मी मंगळवारी जाते आहे. संरक्षण अधिकारीही येते म्हणाल्या आहेत.