जड पाणी, मुतखडा आणि माझी एक चूक

"डॉक्टर, बोअरच्या पाण्यानंच खडा झाला ना?" अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसरातल्या रुग्णांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकतो. आज त्याचं सविस्तर उत्तर देतो. त्याआधी एक चूक कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी टॉवेल कारखान्यातले एक कामगार मुतखड्याच्या कळा घेऊन आले. खडा पडून गेला. जाताना मी घाईत म्हणालो, "बोअरचं पाणी बंद करा." पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले, तीच कळ! चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं. कारखान्यात पिण्याला बोअरचंच पाणी. म्हणून ते घरून एक बाटली आणत आणि अख्खी पाळी तेवढ्यावर काढत. मागांच्या शेडमधला उकाडा, बाहेर चाळिशी ओलांडलेलं ऊन आणि लघवी दिवसातून दोनदा, तीही गडद पिवळी. दुसरा खडा व्हायला माझा अर्धवट सल्लाही कारणीभूत होता.

आता पाण्याकडे वळू. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. पावसाचं पाणी त्यात मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. हेच जड पाणी. उजनीच्या पाण्याचा नळ काही दिवसांआड येतो, म्हणून मधले दिवस बोअरवर निघतात. मग साबणाला फेस येत नाही, तूरडाळ शिजत नाही, बादलीवर पांढरा थर चढतो.

भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र कठीणतेसाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेली नाही. जड पाण्यानेच मुतखडा होतो, असा ठोस पुरावा नाही. लघवी घट्ट होणं हे खड्याचं मोठं कारण आहे. उलट जेवणासोबतचं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं.

त्वचेचं काय? जड पाण्याने साबण त्वचेवर चिकटून राहतो, कोरडेपणा येतो. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात, एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांपैकी ज्यांच्या घरी सॉफ्टनर बसवला, त्यांना इतरांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. सौम्य साबण आणि अंघोळीनंतर लगेच खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर, एवढं आधी करून पाहा.

घरी काय कराल?

• नळाचं पाणी पिण्याला आणि डाळीला राखून ठेवा. बोअरचं धुण्या-भांड्याला वापरा.

• पाणी उकळून, निववून गाळलं तर कठीणतेचा काही भाग तळाशी बसतो. तुरटीने गाळ बसतो, कठीणता जात नाही.

• सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम सोडतो. ते पाणी अंघोळीला, गिझरला उत्तम. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पिऊ नका.

• आरओ घेण्याआधी पाणी तपासून घ्या. फक्त टीडीएस पाहू नका. नायट्रेट, फ्लोराईड आणि जंतूही तपासा. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही.

• नळावरचा थर व्हिनेगर किंवा लिंबाने निघतो.

त्या कामगारांना मी नवा सल्ला दिला: "तहानलेले राहू नका. तपासलेलं, जंतुविरहित असेल तर जड पाणीही प्या. लघवी फिकट राहिली पाहिजे." हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असाल तर मात्र पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

तेव्हापासून मी कुणालाही नुसतं "हे पाणी बंद करा" असं सांगत नाही. त्याऐवजी कोणतं प्यायचं आणि ते त्यांना कुठे मिळेल, हे आधी विचारतो.