क्रियापदाचे लिंग आणि पानिपताचा निकाल

हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या या वाचकाच्या कपाटात दोन प्रकारची पुस्तके फार उशिरा आली, आणि दोन्ही त्याने जवळजवळ सारख्याच नाखुशीने वाचली. एक प्रकार समलिंगी प्रेमाविषयीच्या लेखनाचा, ज्याला आता 'क्वीअर साहित्य' असे म्हणण्याचा प्रघात पडतो आहे. दुसरा प्रकार 'असे झाले असते तर' या कल्पनेवर सबंध जग उभे करणाऱ्या कथांचा; मराठीत त्यांना ढोबळपणे विज्ञानकथा म्हणतात. आपल्या नाखुशीची कारणे वाङ्मयीन आहेत अशी त्याची अनेक वर्षे प्रामाणिक समजूत होती. १९९०मध्ये भालचंद्र नेमाडे यांचे 'टीकास्वयंवर' प्रसिद्ध झाले तेव्हा तो पदव्युत्तर वर्गात होता. देशीयतेच्या त्या चर्चेने त्याची रुची घडवली. कादंबरी म्हटली की भूमी, समूह, बोली, गोतावळा या मापांनी ती जोखायची, ही सवय तेव्हाची. त्या मापाने एक पुस्तक पेठेतले ठरे, दुसरे प्रयोगशाळेतले. कयाधूच्या काठी राहणाऱ्या, हळदीच्या भावाची चौकशी करत दिवस सुरू करणाऱ्या माणसाने या दोहोंपासून आदरपूर्वक अंतर राखावे, हे त्याला स्वाभाविक वाटत असे.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (मौज, २००६) त्याने प्रथम वाचली तेव्हा वहीत एका ओळीत निकाल लावला: 'शैली प्रसन्न, अनुभव मर्यादित.' भाऊ आणि बहीण, तनय आणि अनुजा, घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो तरुण बहिणीसह निघून जातो. त्याला कादंबरीभर नाव नाही. एवढे कथानक. आपण या पुस्तकाकडे सहानुभूतीने पाहिले, असेही या वाचकाला त्या वेळी वाटले होते. सहानुभूती हा शब्द समीक्षेत किती वेळा दार लावून घेण्यासाठी वापरला जातो, हे त्याच्या ध्यानात यायला बारा-तेरा वर्षे जावी लागली.

२०१९च्या उन्हाळ्यात त्याच कादंबरीची एक प्रत टपालाने आली. वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली. पाठवणाऱ्याचे नाव होते, पत्र नव्हते. नाव वसमत तालुक्यातील एका जुन्या विद्यार्थ्याचे. आत शेरे नव्हते, प्रश्नचिन्हे नव्हती. फक्त पेन्सिलीने क्रियापदे अधोरेखित केलेली होती. 'होतो', 'गेलो', 'आलास' अशी रूपे, पानामागून पान. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थ्याने व्याकरणाचीच वही तपासून पाठवावी, तसे ते होते.

मग दुसरे वाचन सुरू झाले, आणि ते पहिल्यासारखे राहिले नाही. मराठीत भूतकाळी अकर्मक क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग लपवू देत नाही. 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत निवड करावीच लागते. ज्याला उद्देशून बोलायचे, त्याच्या बाबतीतही 'तू आलास' किंवा 'तू आलीस' असे ठरवावे लागते. तनयचा सगळा भाग निघून गेलेल्या त्या तरुणाला उद्देशून आहे. म्हणजे त्यातील असंख्य साध्या वाक्यांत बोलणारा पुरुष आणि ऐकणारा पुरुष ही दोन्ही विधाने एकदम होतात. जेरी पिंटो यांनी २०१३मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाला ही सक्ती नाही, कारण तिथल्या क्रियापदाला लिंगच नाही. २०२२मध्ये आलेल्या चित्रपटात देह दिसतो, तेव्हा प्रश्नच उरत नाही. पण मराठी संहितेत प्रेमाची कबुली एखाद्या प्रसंगात येत नाही. ती प्रत्ययात असते. 'तू खाली आलास आणि मी खिडकीपाशी गेलो' अशा घरगुती वाक्यातला एक स्वर तिचा भार वाहतो. (कोल्हापूरकडच्या मुली 'मी जातो', 'मी येतो' असे सहज म्हणतात आणि त्यावाचून कोणाचे काही बिघडत नाही, हे भाषाविज्ञानाच्या तासाला सांगितले की विद्यार्थी हसतात. त्या हसण्यातही काही शिकण्यासारखे आहे.) पहिल्या वाचनात या वाचकाने अनुभवाची मर्यादा शोधली. ती अनुभवाची नव्हती. आपल्या विषयातले सर्वांत प्राथमिक प्रकरण तो विसरला होता.

त्या विद्यार्थ्याने क्रियापदेच का निवडली असावीत, याचा विचार करताना वाचकाला वर्गातला एक तास आठवला. आठवला म्हणणे खरे नाही; तो कधी विसरला गेलाच नव्हता. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' शिकवणे चालू होते. १९८१मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातील सुमित्रा उभी केली. एका स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी रंगमंचावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच आले होते. तिची गोष्ट सांगतो बापू हा तिचा मित्र. शीर्षकाची गंमत वाचक दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवी: 'मित्र' या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप 'मित्रा', आणि सुमित्राचे बोलण्यातले नावही 'मित्रा'. तेव्हा ही मित्राची की मित्रेची गोष्ट, हे षष्ठीचा प्रत्यय सांगत नाही. ती सांगणाऱ्याची आणि जिची सांगितली जाते तिची, दोघांची होऊ शकते. इतके नेमके निरीक्षण मांडल्यावर तो टिपणाच्या पुढच्या ओळीकडे वळे. ती ओळ 'विकृतीची शोकांतिका' अशा शब्दांनी सुरू होत असे. ती त्याने स्वतः लिहिली नव्हती, कुठल्याशा जुन्या टिपणातून उतरवली होती. परंतु सोळा वर्षे वाचून दाखवली होती.

मित्रा शेवटी आत्महत्या करते. त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, ती मेली नसती तर नाटक कुठं संपलं असतं?" वाचकाने उत्तर दिले: "मग नाटकच झालं नसतं." वर्ग हसला. विचारणारा खाली बसला. त्या वर्षी त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही.

उत्तर रचनेच्या दृष्टीने चूक नव्हते. चूक होती ती प्रश्नाची जात ओळखण्यात. तो नाट्यरचनेचा प्रश्न नव्हता, विज्ञानकथेचा होता. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचा एक प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पोचतो, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे हरलेले नाहीत. तेथील बखरीत विश्वासरावांना गोळी लागत नाही. ती कानाजवळून निघून जाते. काही बोटांच्या अंतराने दोन हिंदुस्थाने वेगळे होतात. वाचकाने ही कथा विज्ञानप्रसाराच्या सदरात टाकून दिली होती. आता पुन्हा वाचताना जाणवले की मागच्या बाकावरच्या मुलाने अगदी हाच हिशेब मागितला होता. गोळी कानाजवळून गेली असती तर? आणि गंगाधरपंतांना ज्या गांभीर्याने उत्तर मिळाले, ते त्याला मिळाले नव्हते.

इथे या वाचकाची विज्ञानकथेविषयीची तक्रार सुरू होते. नाखुशी गेल्यानंतरची असल्यामुळे ती अधिक खरी असावी. मराठी विज्ञानकथा धाडसी आहे. पण तिचे धाडस कुठे थांबते ते पाहण्यासारखे आहे. 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत मोबियसच्या पट्टीचा आधार घेऊन नारळीकर एका क्रिकेटपटूचे डावे-उजवे उलटे करतात. माणूस तोच, देह तोच, केवळ अभिमुखता पालटलेली. ज्या शब्दाने भूमिती हा पालट सांगते, त्याच इंग्रजी शब्दाने आज लैंगिक कलही सांगितला जातो. कथा मात्र हाताच्या कलापाशी थांबते. वाचकाच्या वाचनात आलेल्या मराठी विज्ञानकथांनी साम्राज्याचा निकाल फिरवला, काळ वाकवला, यंत्राला बुद्धी दिली. माणसाच्या इच्छेची दिशा त्यांनी आहे तशी राहू दिली. विषय नारळीकरांचा नव्हता, एवढे म्हणून हे सोडून देता येईल. पण प्रकाराचा तो विषय होऊ शकतो, हे अर्सुला ले ग्विन यांनी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत १९६९मध्येच दाखवले होते. तिथली माणसे महिन्यातले बहुतेक दिवस ना पुरुष असतात ना स्त्री, आणि राजालाच दिवस जातात. ले ग्विन यांनी त्या सर्वांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरले. पुढे त्याविषयी त्यांनी स्वतःच फेरविचार केला.

मराठीत ही अडचण वेगळी झाली असती, कारण तिसरे लिंग आपल्याकडे तयार आहे. नपुंसकलिंग म्हटले की प्रौढ माणसाच्या संदर्भात ते अपमानाचे वाटते. पण मराठवाड्यात 'लेकरू' नपुंसकलिंगीच आहे, आणि त्याहून मायेचा शब्द घरात नाही. शिवाय प्रमाण लेखनात एक विलक्षण योगायोग घडतो: 'ते आले' हे वाक्य लेकराविषयीही असते आणि ज्याला मान द्यायचा त्या पुरुषाविषयीही. लिंगाचा अभाव आणि आदर यांना लेखी मराठीने एकच रूप दिलेले आहे. ज्या लेखकाला एखादे गेथेन मराठीत वसवायचे असेल, त्याला नवे सर्वनाम घडवावे लागणार नाही.

जिल्ह्याकडे पाहिले तर आणखी एक मोह होतो. औंढा नागनाथचे देऊळ नामदेवांसाठी फिरले, अशी परंपरा आहे. कीर्तनाला समोर उभे राहू न दिलेला हा शिंपी मागच्या बाजूला गेला आणि देवळानेच तोंड फिरवले. नंदी आजही मागे आहे, त्याचे कारण म्हणून ही कथा सांगतात. त्याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची, २०२३मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळालेली ही वेधशाळा कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उमटणारा, प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असा थरथराट मोजील. १९७४मध्ये 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेऊन, पत्नीच्या हस्ताक्षरात, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जी कथा नारळीकरांनी पाठवली तिचे नाव 'कृष्णविवर' होते. फिरलेले देऊळ, उलटलेला क्रिकेटपटू, मोजला जाणारा थरथराट: वर्गात हे एका दमात सांगितले की टाळ्या मिळतात. म्हणूनच या वाचकाने ते सांगणे थांबवले. देऊळ एकदा फिरले आणि मग तसेच राहिले. चोखोबांसाठी पंढरपूरचे देऊळ फिरले नाही. परंपरेत फिरलेली देवळे आहेत, एवढ्यावरून वर्गातले बाक फिरत नाहीत.

त्याने विद्यार्थ्याला उत्तर लिहायला घेतले. 'चि.' असे लिहून सुरुवात झाली, प्रकृतीची चौकशी झाली, आणि शेवटी हाताने सवयीने लिहिले: 'लग्नाचे काय ठरले?' तो कागद फाडून टाकला. दुसऱ्या कागदावर चौकशी नव्हती. लिहिले ते असे: नाटक तिथे संपले नसते. दुसऱ्या दिवशी मित्रा कॉलेजात आली असती, आणि तिचे काय करायचे हे बापूला, वर्गाला आणि शिकवणाऱ्यालाही ठरवावे लागले असते. तुझ्या प्रश्नाला तेव्हा हेच उत्तर द्यायला हवे होते. टिपणातली ती ओळ खोडली आहे.

महिन्याभराने पोस्टकार्ड आले. पत्ता बदलल्याचे कळवले होते आणि पुस्तक परत मागितले होते: खुणा असलेली ती एकच प्रत आहे, दुसरी चालणार नाही. वाचकाने नांदेडहून नवी प्रत आणवली आणि जुनी धाडण्यापूर्वी सगळ्या खुणा तिच्यात उतरवून घेतल्या. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. दोन ठिकाणी विद्यार्थ्याने क्रियापद वगळले होते. तिथे वाचकाने स्वतःची रेघ ओढली, फक्त नव्या प्रतीत.