कामशेतची टिपणं : गाणं आणि गोळी

१
दुपारी मावळात कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडरच्या छत्र्या तरंगतात. खाली खाचरांत भाताची झोडणी. कानात 'रेड हॉट + रिओ', १९९६चा अल्बम. ब्राझीलचं बोसा नोव्हा, देशोदेशींचे गायक, आणि जमेल तो पैसा एड्सच्या कामाला.

२
त्यात ब्राझीलचा गायक काझुझा आणि बेबेल जिल्बेर्तो यांचं एक गाणं आहे. अल्बम निघाला तेव्हा काझुझाला जाऊन सहा वर्षं झाली होती. ७ जुलै १९९०, एड्स. बत्तीस वर्षांचा होता.

३
त्याच अल्बममध्ये जॉर्ज मायकेल पोर्तुगीजमध्ये गातो, सोबत आस्त्रूद जिल्बेर्तो. जॉर्जचा ब्राझिली जोडीदार १९९३ मध्ये याच आजारात गेला. दोघांची भेट १९९१ मध्ये रिओला, एका संगीत महोत्सवाच्या वेळी झाली होती.
हे कळल्यावर ते गाणं मी पुन्हा ऐकलं.

४
ऑक्टोबर १९९०, रिओ. साम्बाच्या मिरवणुका जिथे संपतात त्या चौकात काझुझाच्या मित्रांनी त्याची गाणी गायली. पैसा एड्सच्या रुग्णांसाठी. त्याच वर्षी त्याची आई लुसिन्या आराउजो यांनी संस्था काढली आणि पुढे एचआयव्हीबाधित मुलं सांभाळली. एकुलता एक मुलगा गेल्यावर.

५
फेब्रुवारी १९८९. काझुझा वर्तमानपत्राला सांगतो, मला एड्स आहे.
फेब्रुवारी १९८९, म्हापसा. डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलेलं असतं. तपासणीत एचआयव्ही निघतो. पोलीस त्याला नेतात आणि क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटा कोंडून ठेवतात. गोव्याच्या कायद्यात तशी तरतूद होती.
सुटल्यावर तो लढला. १९९२ मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' संस्था उभी केली. त्याच वर्षी गेला.

६
डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईतल्या मराठी घरातल्या. भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग १९८६ मध्ये त्यांच्या चमूने शोधले. पुढे रुग्णांसाठी केंद्र काढलं, त्याला वडिलांचं नाव दिलं. लोक रुग्णाला शिवायला घाबरत होते तेव्हा त्या हात धरून बोलत.

७
बेतिन्यो. ब्राझीलचा समाजशास्त्रज्ञ, लष्करी राजवटीत परागंदा. एलिस रेजिनाने गायलेल्या १९७९च्या एका गाण्यात त्याच्या परतण्याची आस आहे. त्याच वर्षी तो परतला. हिमोफिलिया असल्याने रक्त घ्यावं लागे, रक्तातून एचआयव्ही आला. दोन भाऊ, एक व्यंगचित्रकार, एक संगीतकार, दोघांनाही तसाच. दोघे १९८८ मध्ये गेले, बेतिन्यो १९९७ मध्ये. मधल्या काळात त्याने एड्सवर काम करणारी संस्था चालवली आणि देशभर भुकेविरुद्ध मोहीम उभारली.

८
कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर दात्यांची नावं कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे परदेशी लोकही आहेत. भाज्याच्या लेण्यात एक बाई वाद्य वाजवते आहे, दुसरी नाचते आहे.
परक्याने दिलेला पैसा आणि दगडातलं संगीत, मावळात दोन्ही दोन हजार वर्षांची.

९
लोणावळ्याजवळच्या वळवण धरणाचं पाणी खोपोलीच्या वीजघरातून खाली पाताळगंगेला मिळतं. त्या नदीच्या खोऱ्यातल्या औद्योगिक वसाहतीत सिप्ला या औषध कंपनीचा कारखाना आहे.
फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी एचआयव्हीवरची तीन औषधं एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. श्रीमंत देशांत तेव्हा तोच उपचार दहा हजार डॉलरच्या वर जात होता.

१०
ब्राझीलने १९९६ मध्ये कायदा करून एचआयव्हीची औषधं सर्वांना मोफत केली. मे २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांनी एफाव्हिरेन्झ या औषधाचं पेटंट बाजूला ठेवून सक्तीचा परवाना दिला. पेटंट असलेल्या कंपनीची गोळी १.५९ डॉलरला, भारतातली साधारण ४५ सेंटला. भारतातून गोळ्या गेल्या.
तेव्हा ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री होते जिल्बेर्तो जिल. 'रेड हॉट + रिओ'त गायलेले.

११
लातूर जिल्हा, औसा तालुका, हासेगाव. पत्रकारिता सोडून रवी बापटले यांनी २००७ मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' उभं केलं. मुलं गावातल्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुलं शाळेत पाठवणं थांबवलं. ही गोष्ट २००९ची.
पुढे सेवालयातल्या मुलांनी वाद्यवृंद बसवला, 'हॅपी म्युझिक शो'. गावोगावी कार्यक्रम, निधी संस्थेला. रिओत मोठे गायक रुग्णांसाठी गायले. इथे ज्यांना आजार आहे तीच मुलं मंचावर उभी राहून गातात, आणि पुढे बसलेला गाव टाळ्या वाजवतो.

१२
सप्ताहात पंगतीची यादी देवळाच्या भिंतीवर लागते. कुणाची सकाळ, कुणाची संध्याकाळ. पंगतीत शेजारी बसल्याने एचआयव्ही होत नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एका बाकावर बसल्याने होत नाही.

१३
रोजची गोळी नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. हे सगळ्या मावळाला माहीत व्हायला हवं.

१४
मैफलीच्या पैशाने संस्था तगतात. आयुष्यभराची गोळी सरकारनेच द्यावी लागते. भारतात ती १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. शेजारी बसणं मात्र ना तिकिटातून येतं, ना अंदाजपत्रकातून.

१५
२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला शाळेतून, नोकरीतून, भाड्याच्या घरातून काढता येत नाही.

१६
१ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, गावात भाषण ठेवणार असाल तर सोबत गाणं ठेवा. हासेगावच्या मुलांना बोलावता आलं तर बोलवा. तिकीट काढा, पुढच्या रांगेत बसा, नंतर त्यांच्यासोबत जेवा. आणि स्वतःची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. काही विचारायचं असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. त्यालाही पैसे पडत नाहीत.