तेंदूच्या फळीवरचा हिशेब

गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात व्यवस्थापनाची कसोटी लागते ती मे महिन्यात. तेंदूपानांचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. वाया गेलेला दिवस भरून निघत नाही. 2006 चा वनहक्क कायदा आणि अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा यांच्या आधारे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा पाने स्वतः विकू लागल्या, तेव्हा लिलावापासून मजुरीपर्यंतचा कारभार गावाच्याच अंगावर आला.

काम मात्र हंगामाच्या बरेच आधी सुरू होते. झुडपांची छाटणी उन्हाळ्याच्या तोंडाशी करावी लागते; कोवळी पाने साधारण दीड महिन्याने धरतात. छाटणी राहून गेली, तर मेमध्ये कितीही धावाधाव केली तरी पान निबरच हाती येते.

पहाटे तोडलेली पाने घरी जुळवून, बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर येतात. एका पुड्यात 70 पाने, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. तेथे हिशेब ठेवणारा मुन्शी मधलाच एखादा पुडा उघडून पाने मोजतो आणि आकडा त्याच बैठकीत वहीत चढवतो. मोजणी उद्यावर गेली की भांडण ठरलेले.

हा सगळा कारभार ग्रामसभेच्या निर्णयांवर चालतो, आणि निर्णयाची रीत पाहायची तर याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावची. तेथे बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. अवघड विषयावर आधी अभ्यासगट बसतो. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बैठका लांबतात, कंटाळवाण्याही होतात. पण ठरलेली गोष्ट पुन्हा उकरून काढायला सहसा कोणी उठत नाही.